पिशवी परत येते का?

परभणीत नाताळ हा गर्दीचा सण नाही. ख्रिस्ती मंडळी लहान, घरं एकमेकांना ओळखणारी. डिसेंबर लागला की करंज्या-शंकरपाळ्यांचे घाणे निघतात, रात्री गाणी म्हणत घरोघर टोळी फिरते आणि संडे स्कूलच्या पोरांना भेटवस्तू मिळतात. त्या वस्तूंना चकचकीत कागद गुंडाळायचा की कापडी पिशवी शिवायची, एवढाच या लेखातला वाद. वाद घालणाऱ्या दोघी मी कल्पनेतून उभ्या केल्या आहेत. एक मावशी, निवृत्त शिक्षिका, संडे स्कूल घेणारी. दुसरी तिची भाची, वसमत रोडला शिलाईचं दुकान चालवणारी. पिशवीच्या बाजूने आहे ती मावशी. जिच्या पायाखाली मशीन आहे ती विरोधात. कापडी पिशव्यांचा प्रचार करताना शिवणाऱ्या बाईचं मत सहसा कुणी विचारत नाही, म्हणून तिला इथं जरा जास्त बोलू दिलं आहे.

मावशी: काय करायलीस? जरा मशीन थांबव. पोरांच्या नाताळच्या चाळीस पिशव्या शिवायच्यात.

भाची: मशीन थांबवते, पण तूही जरा थांब. तुळशीचं लग्न झालं तेव्हापासून ब्लाउजचा ढीग उतरत नाही. लग्नसराई उभी आहे. चाळीस पिशव्या म्हणजे माझे दोन दिवस गेले. आणि पोरं काय करणार? आतलं खेळणं काढणार, पिशवी खाटेखाली.

मावशी: कागद खाटेखाली जातो. पिशवी राहते.

भाची: अगं, कागद फाडण्यातच तर अर्धा नाताळ आहे. टर्रकन आवाज झाला पाहिजे. नाडी सोडण्यात कसली आलीय मजा? ती तर पोरं रोज चड्डीची सोडतात.

मावशी: हस, हस. पण हा कागद काही येशूच्या जन्मापासून आलेला नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला हॉल बंधूंचं दुकान होतं. १९१७ च्या नाताळात त्यांच्याकडचा साधा टिश्यू कागद संपला. म्हणून त्यांनी पाकिटांच्या आत अस्तर म्हणून लावायचा फ्रान्सचा नक्षीचा कागद विकायला मांडला. तो हातोहात गेला, आणि मग त्यांनी तसाच कागद मुद्दाम छापायला घेतला. पुढं त्यांचीच हॉलमार्क कंपनी झाली. शंभरेक वर्षांची रीत आहे ही. त्याच्या कितीतरी आधी पहिल्या नाताळात बाळच बाळंत्यात गुंडाळलेलं होतं.

भाची: तो उपदेश रविवारी कर. मरियेनं बाळंतं धुऊन पुन्हा वापरलं असेल, कारण तिच्याकडे दुसरं नव्हतं. आपल्याकडे दहा-पंधरा रुपयांत कागद मिळतो.

मावशी: आणि तो जातो कुठं? साधा कागद असता तर मी बोलले नसते. तो चमकीचा कागद मुठीत धरून चुरगाळ आणि मूठ उघड. गोळा तसाच राहिला तर कागद; परत उलगडायला लागला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे. रद्दीवाला घेत नाही, गाय खाते, नाहीतर शेकोटीत जळतो आणि घरभर वास.

भाची: हे पटलं. मग साध्या रद्दीच्या कागदात गुंडाळ ना. माझ्या मानेवर चाळीस पिशव्या कशाला?

इथं मावशीची बाजू खरोखर अडते. चमकी कागद वाईट, एवढ्यावरून कापडी पिशवी चांगली ठरत नाही. वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीचा कागद आणि सुताचा दोरा हा तिसरा मार्ग दोघींच्या मधोमध पडलेला आहे, फुकट आहे, आणि पुढच्या सगळ्या बोलण्यात मावशीनं त्याला सफाईनं बगल दिली आहे.

मावशी: रद्दीत गुंडाळून पोरांना द्यायचं? वर्षाचा सण गं. यापोची टबीथा आठव, प्रेषितांची कृत्यं, नववा अध्याय. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा तिनं शिवलेले अंगरखे हातात धरून रडत उभ्या होत्या. तिच्याच दुर्कस या नावानं जगभर बायांनी शिवणमंडळं काढली, गरिबांना कपडे शिवून दिले.

भाची: टबीथाला शिलाई कुणी दिली, ते त्या अध्यायात लिहिलंय का?

मावशी: सेवा होती ती.

भाची: हेच म्हणतेय मी. खेळणं विकत आणता तेव्हा दुकानदाराला कुणी सेवा कर म्हणत नाही. केकवाल्याला म्हणत नाही. मांडववाल्याला म्हणत नाही. सुई-दोरा आला, की सेवा. बाईनं घरी बसून करायचं काम, त्याला कसले पैसे? ब्लाउजला अस्तर लावायचे पैसे मागितले तरी गिऱ्हाईक म्हणतं, "एवढं काय त्यात." प्लास्टिकबंदी आली तेव्हाही हेच झालं. २०१८ च्या मार्चात अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार रुपये. जो तो म्हणू लागला, बायांना कापडी पिशव्या शिवायला द्या. द्या की! पण भाव काय? एका पिशवीला जे देत होते, त्यात माझा दोरा आणि विजेचं बिल सुटलं असतं, मी सुटले नसते.

मावशी: पण शेवटी बाजारात कापडी पिशव्या आल्याच ना?

भाची: कापडी? त्यातल्या किती कापडाच्या असतात? ती जी मऊसर, ठिपक्याठिपक्यांची पिशवी साडीच्या दुकानात देतात ना, ते कापड नव्हे. त्यात ताणाही नाही, बाणाही नाही. प्लास्टिकचे तंतू उष्णतेनं दाबून चिकटवलेले असतात. एक कडा काडीनं पेटवून बघ. सुताची राख होते. ही वितळून काळी गोळी होते. सरकारनंही नंतर तिला प्लास्टिकच्याच नियमात घेतलं, चौरस मीटरला साठ ग्रॅमपेक्षा हलकी नको म्हणून.

मावशी: म्हणून तर मी खऱ्या सुती कापडाचं म्हणतेय. कापसाच्या जिल्ह्यात राहतो आपण. मानवतला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सेलूला जिनिंग आहे. आपल्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं काढलेलं एनएचएच-४४ वाण तुझ्या आजोबांनी वावरात लावलं होतं. मग आपल्या पोरांची पिशवी कापसाची नको?

भाची: लंकेत सोन्याच्या विटा, मावशी. आपल्याकडून काय जातं? सरकी वेगळी केलेली रुई, एकशे सत्तर किलोच्या गाठी बांधून. कापड होऊन ती परत येते तेव्हा तिच्यावर इचलकरंजीचं, मालेगावचं, भिवंडीचं भाडं चढलेलं असतं. नांदेडची उस्मानशाही मिल होती, तीही बंद पडली. वाण आपलं, ऊन आपलं, बोंडअळी आपली. कापड मात्र परगावचं. आणि नाताळला तुम्ही सगळ्या मागता ते लाल-हिरवं झगझगीत सॅटिन तर कापसाचंही नसतं. सुरतेचं पॉलिएस्टर. त्याची पिशवी शिवायची तर चमकी कागदानं काय घोडं मारलंय?

मावशी: सॅटिन नको. साधं सुती आण.

भाची: नवं सुती आणलं तरी हिशोब बसत नाही. माझा मुलगा विद्यापीठात शिकतो, त्यानं मोबाईलवर दाखवलं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली सामानाच्या पिशव्यांचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशोब केला. हवेत जाणारा कार्बन धरला, तर सुती पिशवी निदान बावन्न वेळा वापरावी, तेव्हा कुठं ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी, खत, रसायनं, सगळं धरलं तर सात हजार शंभर वेळा. आता तू सांग, नाताळ वर्षातून किती वेळा येतो?

मावशी: एकदा.

भाची: म्हणजे बावन्न नाताळ. तुझ्या संडे स्कूलचं सहा वर्षांचं पोरगं अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल, तेव्हा पिशवी फिटली म्हणायचं.

हा आकडा ऐकून पुष्कळ लोक कापडी पिशवीचा नादच सोडतात, आणि प्लास्टिकचे व्यापारी तो मोठ्या प्रेमानं सांगतात. मावशीकडे त्याला उत्तर आहे आणि ते चांगलं आहे. तो हिशोब नव्या कापसाच्या, नव्या कापडाच्या पिशवीचा. जमिनीत बी पडल्यापासूनचं सगळं खापर त्या पिशवीवर फोडलेलं आहे. जे कापड आधीच विणून, रंगवून, कुणाच्या तरी कपाटात पडून आहे, त्याची पिशवी शिवली तर खर्चात फक्त दोरा आणि मशीन उरतं. तुलनाही एका साध्या प्लास्टिक पिशवीशी आहे, चमकी कागद अधिक चिकटपट्टी अधिक फुलाची रिबीन यांच्याशी नाही.

मावशी: तुझ्या टेबलाखाली ते पोतं कसलं?

भाची: कतरणीचं. गोधडीवाली येते, घेऊन जाते.

मावशी: आणि लोकांच्या कपाटात ब्लाउजपीस किती पडलेत?

भाची: ते तर विचारूच नको. ओटीत आलेला पीस कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्या घरात. मी एका बाईला म्हणाले, हा पीस मी तीनदा पाहिलाय, घडीवर पिवळा पट्टा पडलाय बघ.

मावशी: मंडळीतल्या बायांनाही शेजारणी देतात. माझ्याचकडे वीस असतील. घडी न मोडलेले. ते आणले तर?

इथून पुढं भाचीचा आवाज बदलतो. विरोध संपलेला नसतो, पण हातात कापड आलं की कारागिराला गप्प बसवत नाही.

भाची: आण. पण आधी निवडायचे. त्यातले बरेच पॉलिएस्टरचे असतात, ते बाजूला. सुती तेवढे रात्रभर पाण्यात घालायचे, चिमूटभर मीठ टाकून. लाल पीस वेगळ्या बादलीत. रंग सोडला तर नाताळच्या दिवशी पोराचं पांढरं खेळणं गुलाबी होईल. वाळवून इस्त्री करायची. आटायचं ते आत्ताच आटू दे. पीस ऐंशी सेंटीमीटरचा धर, म्हणजे साडेएकतीस इंच. पन्हा छत्तीस. त्यातून दहा इंच रुंद आणि अठ्ठावीस लांब असे तीन तुकडे निघतात. उरते सहा इंचांची पट्टी. तिच्या इंचाइंचाच्या सहा पट्ट्या कापायच्या, चौपट दुमडून टीप मारायची, झाल्या सहा नाड्या. तीन पिशव्या, प्रत्येकीला दोन नाड्या. चिंधी फारशी उरत नाही.

मावशी: दोन कशाला? एक पुरे.

भाची: एका नाडीची पिशवी एका बाजूनं ओढली जाते, तोंड वेडंवाकडं होतं, दोन दिवसांत नाडी आत पळते, मग सेफ्टी पिन शोधत बसा. दोन नाड्या दोन्हीकडून ओवल्या की ओढताच तोंड मिटतं. अठ्ठावीस इंची तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवणच नाही. वजन तळावर येतं, तिथं उसवायची भीती नाही. दोन्ही बाजूंना फ्रेंच शिलाई घालायची. आधी सुलट बाजूनं टीप, मग उलटवून आतून दुसरी. धागे आत बंद होतात, इंटरलॉक लागत नाही. वर दीड इंचाचा नेफा, आणि बाजूची शिवण नेफ्याच्या खालीच थांबवायची. हेच लोक विसरतात. वरपर्यंत शिवतात, मग नाडी ओवायला जागाच राहत नाही आणि ब्लेडनं उसवत बसतात. तयार पिशवी नऊ बाय साडेबारा इंच. वही मावते, चित्रकलेचा डबा मावतो.

मावशी: बॅट मावत नाही.

भाची: बॅटला कापड लागत नाही, बॅट बॅटच दिसू दे. आणि एक, तीन वर्षांच्या आतल्या पोरांना नाडीची पिशवी देऊ नको. गळ्यात अडकवतात. त्यांना पाकिटासारखी झडप आणि एक काज.

मावशी: म्हणजे शिवणार तू.

भाची: कशी शिवायची ते सांगितलं. शिवते म्हणाले नाही. माझा खरा प्रश्न राहिलाच. चाळीस पिशव्या चाळीस घरी गेल्या. पुढच्या नाताळला त्यातल्या किती परत येतील?

मावशी: फराळाचा डबा येतो तशा. आपण कुणाचा डबा रिकामा पाठवतो का? चार शंकरपाळे, नाहीतर निदान साखरेची चिमूट घालून देतो. ही रीत आपल्या अंगात आहे. पिशवी मंडळीत परत यावी, पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला जावी.

भाची: डबा परत येतो, कारण तो स्टीलचा आहे आणि त्यावर तुझं नाव कोरलेलं आहे. नाव नसतं तर तुझे निम्मे डबे शेजारीच नांदले असते. पिशवीवर कुणाचं नाव घालणार?

मावशी: पोराचं. साखळी टाक्यानं, सुंदर रंगीत दोऱ्यानं.

भाची: मग ती पोराची झाली. परत कशी मागशील?

मावशी: तर मंडळीचं नाव घालू.

भाची: मग ती भेट राहिली नाही. पोरगं विचारेल, खेळणं माझं आणि पिशवी चर्चची? परत द्यायची आहे म्हणून आई ती कपाटावर ठेवील, मळेल म्हणून हात लावू देणार नाही. अकरा महिने बंद. बावन्न वेळांची गोष्ट पुन्हा तिथंच.

मला हा सगळ्या वादाचा गाभा वाटतो. पुन्हा वापरता येणारी पिशवी आणि पुन्हा वापरली जाणारी पिशवी यांच्यात कापडाचा काही फरक नसतो. ती कुणाच्या घरात राहणार आणि मधले महिने काय करणार, यावर सगळं ठरतं. एकाच घरात पिशव्या फिरत्या राहू शकतात. आई-बाप पोरांना देतात, सकाळी पिशव्या गोळा होतात, पेटीत जातात. तिथं मावशीचं बरोबर आहे. चाळीस घरांत वाटायच्या असतील तर परतीची आशा सोडावी, आणि पिशवी पोराच्या रोजच्या उपयोगाची शिवावी. म्हणजे तिच्यावर झाड नको, तारा नको, लाल टोपीचा म्हातारा तर नकोच. मावशीला हे मान्य करायला जड गेलं.

मावशी: नाताळच्या पिशवीवर ताराही नको?

भाची: तारा काढलास की ती डिसेंबरची झाली. साध्या फुलांचा पीस असू दे. जानेवारीत तीच पिशवी डब्याची होते. चपातीचा डबा नऊ इंचांत आरामात बसतो, बाटली शेजारी. घरातल्या वेगळ्या ठेवशील, त्या तर तीन आठवड्यांत पुन्हा कामाला येतील. संक्रांतीला शेजारणीकडे तिळगूळ कशात नेतेस?

मावशी: प्लास्टिकच्याच पिशवीत नेते, खरं सांगायचं तर.

भाची: झालं. पाडव्याला, ईदला, वाढदिवसाला. बावन्नचा आकडा असा गाठायचा.

मावशी: जपानात तर शिवतही नाहीत म्हणे. चौकोनी कापड, चार टोकं बांधायची. फुरोशिकी. २००६ साली त्यांच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी मुद्दाम तिचा प्रचार केला होता.

भाची: जपानात कशाला जातेस? भाकरी फडक्यात बांधून वावरात नेलीच ना आपण? वीस इंचाचं चौरस फडकं, चारी कडा दुमडून टीप, पाच मिनिटांचं काम. पुस्तकाला, डब्याला एकदम चांगलं. नंतर पोराची दस्ती.

मावशी: मग तुझंच काम कमी झालं की!

भाची: काम कमी झालं तर मला वाईट वाटत नाही. फुकटचं वाढलं की वाटतं.

मावशी: म्हणजे पैसे हवेत.

भाची: हवेत. खेळण्यांच्या खर्चात शिलाईची ओळ घाला, केकच्या खाली. पीस तुमचे, धुवून इस्त्री करून आणायचे. कापून मी देते. सरळ टिपा मारायला मंडळीतल्या दोन पोरी बसव माझ्याकडे, एका आठवड्यात शिकतील. त्यांनाही त्याच ओळीतून. नेफा मी घालीन, तो नवख्या हातानं वाकडा जातो.

मावशी: पास्टर विचारतील, गेल्या वर्षी कागदाला एवढे लागले नव्हते.

भाची: त्यांना सांग, गेल्या वर्षीचा कागद आणून दाखवा.

मावशी: आणि नाव? पोराचं नाव तरी घालशील ना?

भाची: नावाचे पाच रुपये वेगळे. आणि यादी शुद्ध लिहून आण. मागं एकीच्या फ्रॉकवर काना चुकला होता, ती पोर अजून माझ्याशी बोलत नाही.